फुलाला आलेला दात

अण्णा, गेल्या महिन्यात मी एका टेबलाला दात बसवला. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, वरचा की खालचा. म्हणून आधीच सांगते, फुलाचा. काळ्या दगडात जडवलेल्या एका पांढऱ्या फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी एक. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत सांगण्यासारखं काही घडलंच नाही असं नाही. मुलगी झाली. इथे कुवेतमध्ये हवल्लीच्या क्लिनिकमधल्या दातांच्या लॅबची मी मुख्य झाले. समुद्र दिसतो असं सांगून महबूल्यात जो फ्लॅट आमच्या गळ्यात मारला, त्यातून समोरच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावर वाळणाऱ्या लुंग्या दिसतात. पण हे सगळं कोणालाही सांगता येतं. टेबलाचं ऐकून हसायच्या आधी 'मेण कुठलं वापरलंस' असं विचारणारा माणूस मात्र तुमच्यानंतर माझ्या ओळखीत उरला नाही.

आमच्या क्लिनिकचे मालक डॉक्टर इथलेच, कुवेती. माणूस सभ्य, हात हलका, पेशंट लांबून लांबून येतात. फक्त त्यांची आई त्यांच्याकडचे दात घालत नाही. त्यांना आम्ही सगळे हज्जिया म्हणतो. इथे वयस्क बाईला मानाने तसंच म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम बनेद अल-गारच्या जुन्या घरात, सोबतीला एक श्रीलंकन बाई. तीन वर्षांत आमच्या लॅबमधून त्यांच्यासाठी तीन कवळ्या गेल्या आणि तिन्ही ड्रायव्हरच्या हाती परत आल्या. पहिली टोचत होती, दुसरी सैल होती, आणि तिसरीच्या वेळी निरोप आला की आता मी क्लिनिकमध्ये येणार नाही, तिथे माझा मुलगा मला पेशंट म्हणतो. जिने दात केले तिलाच घरी पाठवा. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "प्लीज, जाऊन या. आणि तिथे दिवाणखान्यात एक टेबल आहे, त्याच्यावर काही ठेवू नका. पाण्याचा ग्लाससुद्धा नाही."

मी ते टेबल पाहिलं आणि हातातली पेटी खाली ठेवायची विसरले. गोल, काळंभोर, आपल्या घरची चार पानं त्याच्यावर आरामात मांडली असती एवढं. कडेने पानाफुलांची वेल, मधे चेरीचे घोस, एक फुलपाखरू. मला वाटलं रंगवलंय. बोट फिरवलं तर सगळं एकसपाट आणि गार. एकेक पान वेगळा दगड, एकेक पाकळी वेगळा दगड, आणि सांध्यात नख जाईल तर शपथ. आपण दाताला मुळाशी पिवळसर आणि टोकाला निळसर रंग थरावर थर देत चढवतो ना, त्या लोकांनी तो चढवलेला नव्हता. पाकळी देठाशी जिथे तपकिरी व्हायला हवी, तिथे मुळातच तपकिरी असलेला दगड शोधून कापला होता. एका पाकळीसाठी किती दगड टाकून दिले असतील याचा मी विचार करत उभी राहिले, तेव्हा हज्जिया सोफ्यावरून म्हणाल्या, "सब लोग टेबल देखता है. मेरा मुँह कोई नहीं देखता." त्यांची हिंदी सिनेमांतून आणि तीन-चार ड्रायव्हरांकडून आलेली आहे. त्यामुळे त्या रागावल्या की नटीसारख्या बोलतात आणि खूश असल्या की गाडी रिव्हर्स घेतल्यासारख्या.

त्यांच्या यजमानांनी ते टेबल तरुणपणी युरोपातून आणलं. ज्या घरातून घेतलं, त्या घरच्या कुणा पूर्वजाने इटलीत, फ्लॉरेन्समध्ये, करवून घेतलेलं. घरी आल्यावर मी फोनवर शोधलं. एकोणिसाव्या शतकात पैसेवाले साहेब लोक म्हणे महिनोन्‌महिने इटलीत हिंडायचे, पडके खांब बघायचे, चित्रं बघायचे, आणि परतताना आठवण म्हणून असला एक टेबलाचा माथा घेऊन यायचे. पाय घरी गेल्यावर सुताराकडून लावून घ्यायचे. आपण गणपतीपुळ्याहून शिंपल्यांचा आरसा आणला होता तसंच, फक्त यांचा शिंपल्यांचा आरसा उचलायला आठ माणसं लागायची. मी हे जेवताना सांगितलं तेव्हा तुमचे जावई म्हणाले, त्यांना एअरलाइनने तीस किलो लावले नसतील. आणि तुमची नात फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ टेबल."

नुसतं टेबल असतं तर मीही विसरले असते. पण हज्जियांनी पहिल्याच भेटीत मला त्यातली गोम सांगितली. डॉक्टरांनी नवं घर बांधलंय, आईला तिथे न्यायचंय. आईला जायचं नाही. आईवर जबरदस्ती चालत नाही, म्हणून डॉक्टर टेबलाच्या बाजूने येत होते. हे जुनं घर, इथे वस्तूची काळजी घेता येत नाही, एक दगड जरी निखळला तरी मी टेबल माझ्याकडे नेऊन काचेत ठेवीन, असं त्यांनी बजावलं होतं. "पहले टेबल जाएगा," हज्जिया म्हणाल्या, "फिर बोलेगा, टेबल इधर है, यम्मा तुम उधर क्या करता है." यम्मा म्हणजे आई. "फिर मेरे को भी शीशे में रखेगा."

त्या दिवशी मी तिसरी कवळी घासून, नीट करून परत नेली होती. हज्जियांनी ती बसवली, एक खजूर खाल्ला, मान डोलावली, "झेन, झेन" म्हणजे छान छान म्हणाल्या. मग श्रीलंकन बाईकडून हातआरसा मागवला. आरशात बघून त्यांनी ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले, आणि कवळी काढली. "ये दाँत मेरा नहीं. मेरी बहू का है." एवढं म्हणून त्यांनी ती टेबलावर टाकली. भिरकावली म्हणणार नाही. पत्त्यांच्या डावात हुकूम टाकतात तशी टाकली. टक्‌ असा आवाज झाला, आणि पांढऱ्या फुलाची एक पाकळी जागेवरून उडून खाली लादीवर पडली.

आम्ही तिघी तिच्याकडे बघत राहिलो. मग हज्जिया, ज्या एरवी कुणी धरल्याशिवाय उठत नाहीत, चटकन उठल्या, पाकळी शोधायला पुढे झाल्या, आणि त्यांच्या चपलेखाली कर्र झालं.

चप्पल उचलून पाहिलं तर पाकळीचं दाणेदार मीठ झालेलं. तोंडात दात नाहीत, त्यामुळे हज्जियांचे अर्धे शब्द हवेत विरत होते, पण मतलब कळत होता. "मेरे बेटे को नहीं बोलना." मी म्हटलं, हज्जिया, कधीतरी कळणारच. "कैसे मालूम होगा? तुम दाँत बनाता है. ये भी दाँत है, बनाओ." मला 'नाही' म्हणायचं होतं, अण्णा. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, डॉक्टरांच्या सहीवर चालतो. कवळी माझ्या हातची, ती टाकली त्यांच्या आईने, फुटली त्यांच्या वडिलांची आठवण. यात माझी बाजू कुठली, हे मला कुठल्याच भाषेत मांडता आलं नसतं. मी पेटी उघडली आणि पाकळीच्या रिकाम्या जागेचं माप घेतलं. किडलेल्या दाताचा खड्डा साफ करून घेतात अगदी तसंच.

साफ करताना एक गोष्ट झाली. खड्ड्याच्या तळाशी जुन्या चिकटवणीचा काळपट थर होता. मी कुवेतला निघाले तेव्हा तुम्ही जी पितळी मुठीची मेणाची सुरी दिली होतीत, ती लायटरवर जरा गरम करून मी टोक त्या थराला लावलं. तो विरघळला आणि त्याचा वास आला. राळ आणि मेण. दीडशे वर्षांपूर्वी इटलीतल्या कुणा कारागिराने राळ आणि मधमाशीचं मेण एकत्र वितळवून ती पाकळी चिकटवली होती, आणि मी बनेद अल-गारच्या गालिच्यावर गुडघे टेकून चिपळूणच्या स्वयंपाकघरात पोचले. तिथे तुम्ही स्टोव्हसमोर पाटावर बसलेले आहात. आईची फोडणीची पळी तुमच्या हातात आहे आणि तिच्यात राळ तडतडते आहे. आई म्हणते आहे, ती पळी आता घरात वापरायची नाही, आणि तुम्ही म्हणता आहात, राळ दाताला चांगली असते. तांदळाच्या डब्यावरच्या फळीवर अर्ध्या गावाचे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले आहेत. पाहुण्यांना चहा देताना आई त्यांच्यावर फडकं टाकते, आणि तुम्ही हळूच ते फडकं काढून पाहुण्याला विचारता, ओळखा बघू, यातला तुमचा व्याही कुठला. मी त्या वासाने इतका वेळ थांबले की हज्जियांनी विचारलं, टेबलला दुखतंय का.

पहिली पाकळी मी दुपारच्या सुट्टीत लॅबमध्ये केली, दाताच्याच पोर्सलिनची. एक ते चार क्लिनिक बंद असतं, भट्टी मोकळी असते. मापाला तंतोतंत, चकाकती, नितळ. दोन दिवसांनी ती नुसती जागेवर ठेवून दाखवली. हज्जियांनी मान तिरकी करून पाहिलं, श्रीलंकन बाईने पाहिलं, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग हज्जिया म्हणाल्या, "इस फूल को दाँत आया है."

खरंच आला होता. त्या चार वयस्क पाकळ्यांत ती एकच अशी दिसत होती की जणू फूल टूथपेस्टच्या जाहिरातीत निघालंय. आणि मला ते निवृत्त हेडमास्तर आठवले. मी एकोणीस वर्षांची, पहिली अख्खी कवळी एकटीने केलेली. मोगऱ्याच्या कळ्यांसारखे सारखे दात. मास्तरांनी घातली, हसले, आणि त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड फिरवलं. मास्तरांसमोर तुम्ही फक्त उद्या या म्हणालात. ते गेल्यावर कवळी हातात घेऊन तुम्ही मला म्हणालात, "बाय, सत्तरीच्या माणसाच्या तोंडात सतराचे दात घालू नये. ते तोंड आहे, दुकानाची काच नाही." मी म्हटलं, चांगले दिसायला नकोत का? "चांगले दिसायला नकोत. त्याचे दिसायला हवेत." आणि तुम्ही कानस घेऊन माझी आठ दिवसांची मेहनत झिजवायला बसलात. एक दात वाकडा केलात, एकाची कड उडवलीत, मुळाशी चहाच्या रंगाची रेघ दिलीत. मी न जेवता झोपले होते. दुसऱ्या दिवशी मास्तर कवळी घालून हसले तेव्हा त्यांच्या बायकोने विचारलं, "नवी कुठाय?"

तेव्हा मला हेही उमगलं की तीन वर्षं हज्जिया काय सांगत होत्या. टोचतही नव्हती आणि सैलही नव्हती. मी विचारलं, जुना फोटो आहे का? दात दिसणारा? त्यांनी श्रीलंकन बाईला हाक मारली. मग कपाटातून एक पाकीट मागवलं. फोटोत तिशीतली एक बाई, डोक्यावरचा रुमाल मागे सरकलेला, खळखळून हसते आहे, आणि पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला आहे. "मेरा मियाँ बोलता था, ये दाँत पहले आता है, फिर तुम आता है," हज्जिया म्हणाल्या. डॉक्टरांना हा फोटो दाखवला होता का, मी विचारलं. "वो तो बोलेगा, ये दाँत गलत है."

मग मी दोन कामं बरोबरच केली. दुसरी पाकळी मंद केली, देठाशी तपकिरी सोडली, एक केसाएवढी रेघ दिली, कड जराशी मोडकी ठेवली, आणि राळ-मेणानेच बसवली. आणि चौथी कवळी केली, त्यातला पुढचा दात शेजारच्यावर चढवला. हज्जियांनी ती घातली, आरसा घेतला आणि चढलेल्या दातावरून जीभ फिरवली. मग आरसा ठेवून म्हणाल्या, "ये मैं है." त्यांनी खरपूस रोटी मागवली आणि दोन खाल्ल्या.

सगळं इथेच संपलं असतं, पण दगड निखळायची वाट न बघता डॉक्टरांनी टेबल न्यायचं ठरवलं, आणि त्याआधी लंडनहून असल्या दगडी कामाचा जाणकार बोलावला. एका सकाळी तो आला, उंच, वाकलेला, खिशात तीन भिंगं. हज्जियांनी हट्ट धरून मलाही बोलावून घेतलं होतं, पाहुण्यासमोर आपले दात सुटले तर कोण धावणार म्हणून. मी भिंतीला टेकून उभी. तो माणूस तासभर भिंग लावून फिरला, माझ्या पाकळीवरून तीन वेळा गेला, आणि पुढे सरकला. मला जरा अभिमानसुद्धा वाटू लागला होता. मग त्याने पडदे ओढायला सांगितले आणि पिशवीतून जांभळ्या उजेडाची टॉर्च काढली.

अण्णा, तुमच्या वेळी हे नव्हतं. आता दातांचं सामान करणारे त्यात असं काहीतरी घालतात की लग्नाच्या हॉलमधल्या जांभळ्या दिव्यांखाली दात काळे दिसू नयेत, खऱ्यासारखे उजळावेत. हे मला माहीत होतं. गेली वीस वर्षं माहीत होतं. आणि पाकळी करताना क्षणभरही आठवलं नव्हतं. टॉर्च लागली. सगळं टेबल विहिरीसारखं काळं, आणि त्यात एकच पाकळी निळसर पांढरी झगझगते आहे. वेळ सावरायला म्हणून हज्जिया पाहुण्याकडे बघून हसल्या, आणि अंधारात, सोफ्याच्या उंचीवर, त्याच निळसर पांढऱ्या रंगाची एक पूर्ण ओळ उजळली. पुढचा दात शेजारच्यावर चढलेला.

डॉक्टरांनी पाकळीकडे पाहिलं. आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हज्जियांनी अरबीत सांगायला सुरुवात केली की मांजराने उडी मारली. "आपल्याकडे मांजर नाही, यम्मा," डॉक्टर म्हणाले. "होतं," हज्जिया म्हणाल्या. ते आणखी वाढलं असतं, म्हणून मी इंग्रजीत सांगून टाकलं, पाकळी मी केली. कशी फुटली ते सांगितलं नाही. पाहुण्याने पडदे उघडवले, एक बारीक तापलेलं टोक पाकळीच्या कडेला लावलं, नाक जवळ नेलं आणि मला विचारलं, हे राळ-मेण तुम्हाला कोणी सांगितलं? कुठल्या संस्थेत शिकलात? मी म्हटलं, वडिलांच्या स्वयंपाकघरात. त्याने ते वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही, पण लिहिलं.

त्याने जे सांगितलं ते असं. पाकळी राहू द्या, असा दगड आता मिळणं कठीण. फक्त कागदोपत्री नोंद ठेवा की एक पाकळी दाताची आहे. आणि टेबल हलवू नका. आतली सगळी चिकटवण एसीच्या कोरड्या हवेने वाळली आहे, ट्रकमध्ये चढवलंत तर नव्या घरी दगडांची पिशवी पोचेल. एसीच्या झोतापासून दोन हात सरकवा आणि इथेच असू द्या. हज्जियांनी मला विचारलं, क्या बोला? मी म्हटलं, टेबल कहीं नहीं जाएगा. "और मैं?" यावर जाणकाराचं काही मत नव्हतं. त्या डॉक्टरांकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. मग हळू म्हणाले, "तूही नाही, यम्मा."

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकला गेले ती मनातल्या मनात बॅगा भरूनच. डॉक्टर लॅबमध्ये आले, दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसले. विचारलं, "पाकळीला शेड कुठली दिली?" मी सांगितली. "आणि आईला?" तीच, म्हटलं, अर्ध्या पायरीने गडद. ते मान हलवत राहिले. म्हणाले, "तिला तो वाकडा दात हवा होता हे तिने मला का सांगितलं नाही?" मी म्हटलं, तुम्ही सरळ करून दिला असतात. त्यांना राग येईल असं वाटलं, पण ते हसले, आणि जाता जाता म्हणाले की त्यांच्या अकरा वाजताच्या म्हाताऱ्या पेशंटचं माप घ्यायला आजपासून मी खुर्चीजवळ यावं, आणि घरून जुना फोटो आणायला सांगावं.

हे सगळं लिहून झालं तरी पाठवणार कुठे? चिपळूणच्या तुमच्या दातांच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तुमच्या नातीला मराठी अक्षरं एकेक करून लावावी लागतात, ती इथपर्यंत पोचायची नाही. म्हणून एक उरलेलं लिहायला हरकत नाही. शेवटच्या वर्षी तुम्ही आरशासमोर बसून स्वतःच्या तोंडाचं माप स्वतःच घेतलंत आणि तो प्लास्टरचा साचा सुट्टीवरून परतणाऱ्या एका गुहागरच्या प्लंबरच्या हाती, कोकमाच्या पुड्यात घालून पाठवलात. सोबत चिठ्ठी होती, घाई नाही, पण तूच कर. मी साचा बाकावर ठेवला, आणि तुमच्या रिकाम्या हिरड्यांवर बोट ठेवायचं मला धाडस झालं नाही. दोन दिवस फडक्याखाली झाकून ठेवला. मग शेजारच्या बाकावरच्या इजिप्तच्या कारागिराला दिला. त्याने कवळी केली, चांगली केली, आणि मी ती माझी म्हणून पाठवली. तुम्ही साऱ्या बाजारपेठेत तोंड उघडून दाखवलीत, लेकीने केल्ये. मला फोनवर एवढंच म्हणालात, "उजवा सुळा तुझ्या हातचा वाटत नाही गो, बाय." मी म्हटलं होतं, अण्णा, लाइन खराब आहे, काही ऐकू येत नाही. लाइन चांगली होती. मला ऐकू आलं होतं.